मॅकार्थीच्या आधीचा मॅकार्थीवाद

जोसेफ मॅकार्थी हा विस्कॉन्सिन राज्याचा रिपब्लिकन सिनेटर. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध जी मोहीम चालली, तिचे सगळे खापर या एकट्याच्या माथी फोडले जाते. त्याने हॉलिवूडच्या लेखकांना चौकशीला खेचले, सरकारी नोकरांच्या निष्ठेची झडती सुरू केली आणि तो पडल्यावर हे प्रकरण मिटले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातले एकही विधान खरे नाही आणि ते पडताळायला तारखा पाहणे पुरेसे आहे.

हॉलिवूडची चौकशी केली ती ‘अमेरिकाविरोधी कारवाया समिती’ने. ही समिती प्रतिनिधिगृहाची. ती १९३८ साली नेमली गेली आणि १९४५ पासून कायमची झाली. मॅकार्थी सिनेटर होता. दुसऱ्या सभागृहाच्या समितीत तो बसणार तरी कसा? ‘हॉलिवूड टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जणांची साक्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये झाली. त्यांत पटकथाकार डाल्टन ट्रम्बोही होता. समितीच्या प्रश्नांना उत्तर न दिल्याबद्दल या दहाही जणांना तुरुंगवास झाला. समितीचा तेव्हाचा अध्यक्ष पार्नेल थॉमस हाही पुढे पगारांच्या अफरातफरीत दोषी ठरला आणि दहांपैकी दोघे ज्या तुरुंगात होते, त्याच तुरुंगात पोहोचला. काळी यादी मात्र सरकारने काढली नव्हती. स्टुडिओमालकांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात बैठक घेऊन या दहांना काम न देण्याचे स्वतःच ठरवले.

सरकारी नोकरांच्या निष्ठेची चौकशी तर डेमोक्रॅट अध्यक्षाने सुरू केली. ग्रीस आणि तुर्कस्तानला ४० कोटी डॉलरची मदत मागणारे भाषण हॅरी ट्रुमनने १२ मार्च १९४७ रोजी केले. पुढच्या नऊ दिवसांत, २१ मार्चला, अध्यक्षीय आदेश क्रमांक ९८३५ निघाला आणि केंद्र सरकारच्या नोकरांची छाननी सुरू झाली. बाहेर कम्युनिझमला अडवण्याचे धोरण आणि घरात संशयितांचा शोध ही दोन्ही कामे एकाच सरकारने, एकाच महिन्यात हाती घेतली. १९४६ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी काँग्रेस जिंकली होती. ‘कम्युनिस्टांबाबत मवाळ’ हा शिक्का ट्रुमनला परवडणारा नव्हता. ज्या स्मिथ कायद्याखाली कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांना १९४९ मध्ये दोषी ठरवले गेले, तो त्याहूनही जुना, रूझवेल्टच्या कारकिर्दीतला, १९४० चा.

मॅकार्थी मंचावर आला तो ९ फेब्रुवारी १९५० रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंगच्या भाषणाने. परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचे तो म्हणाला, असे तिथल्या स्थानिक वृत्तपत्राने छापले; सिनेटच्या कामकाजात त्याने स्वतः नोंदवलेल्या मजकुरात मात्र आकडा ५७ आहे. चौकशी उपसमितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले ते १९५३ मध्ये आणि टिकले दोन वर्षे. त्याने अनेकांची आयुष्ये उद्ध्वस्त केली, हे खरेच. पण यंत्रणा आधीच तयार होती. त्याने तिचा तमाशा केला.

ती त्याच्यासोबत संपलीही नाही. सिनेटने २ डिसेंबर १९५४ रोजी ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. तरीही नाटककार आर्थर मिलरला प्रतिनिधिगृहाच्या त्याच समितीपुढे उभे केले गेले ते १९५६ मध्ये. इतरांची नावे सांगायला नकार दिल्याबद्दल तो दोषी ठरला. १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. समिती १९७५ पर्यंत जिवंत होती.

इतर काही समजही निकालात काढायला हवेत. सोव्हिएत संघासाठी हेरगिरीच्या आरोपावरून रोझेनबर्ग दांपत्यावर खटला भरला तो न्याय खात्याने. मॅकार्थीचा त्यात हात नव्हता. सिनेटने मॅकार्थीला हाकलले नाही. १९५७ मध्ये मरेपर्यंत तो सिनेटर होता. कम्युनिस्ट पक्षाला बेकायदा ठरवू पाहणाऱ्या १९५४ च्या कायद्यामागे ह्यूबर्ट हम्फ्रीसारखे उदारमतवादी डेमोक्रॅटही होते. आणि सोव्हिएत हेर ही निव्वळ कल्पना होती, असे म्हणणेही आता टिकत नाही: सोव्हिएत तारांचा उलगडा करणाऱ्या ‘व्हेनोना’ प्रकल्पाची कागदपत्रे १९९५ पासून खुली आहेत. हेर होते. त्यांतले बहुतेक मॅकार्थी बोलायला उभा राहण्याआधीच निष्क्रिय झाले होते किंवा उघडे पडले होते.