लिझ कूपरची खर्चाची वही

‘माय फेव्हरेट हसबंड’ ही विनोदी मालिका जुलै १९४८मध्ये अमेरिकेत सीबीएस रेडिओवर सुरू झाली. तिला आधार होता इसाबेल स्कॉट रोरिक यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस क्युगॅट’ या १९४०च्या पुस्तकाचा. बायकोच्या भूमिकेत ल्युसिल बॉल आणि नवऱ्याच्या भूमिकेत रिचर्ड डेनिंग होते. सुरुवातीला हे जोडपे बड्या लोकांत वावरणारे होते. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल या लेखकांनी त्याला मध्यमवर्गात आणले, आणि क्युगॅट हे आडनाव जाऊन कूपर आले.

या बदलाने मालिकेला तिचा खरा विषय सापडला. जॉर्ज कूपर बँकेतला अधिकारी. दिवसभर इतरांच्या पैशांचा हिशेब ठेवणारा. पण त्याच्या घरी महिनाअखेरीला जमाखर्चाचा मेळ बसत नाही. घरखर्चाला दिलेले पैसे त्याची बायको लिझ हिच्याकडून कुठेतरी जास्त सुटलेले असतात. ते झाकायला ती एक शक्कल लढवते, ती निभवायला दुसरी, आणि मूळ रकमेपेक्षा निस्तरणेच महागात पडते. त्यात जॉर्जचे साहेब ॲटरबरी आणि त्यांची पत्नी आयरिस यांची भर पडते. या भूमिका गेल गॉर्डन आणि बी बेनाडरेट करत.

श्रोत्यांना हे घर ओळखीचे वाटण्याचे कारण होते. युद्धकाळातले रेशनिंग संपून दुकाने पुन्हा भरली होती. घर चालवायचे बाईने, पण पैसा नवऱ्याच्या कमाईचा, अशी असंख्य संसारांची घडी होती. स्त्रियांना कर्ज देताना भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदाही अमेरिकेत पुढे १९७४मध्ये झाला; म्हणजे तेव्हा बाईला स्वतःच्या नावावर कर्ज मिळण्याचीही हमी नव्हती. त्यामुळे लिझची लपवाछपवी नुसती उधळपट्टी राहत नाही. आपण चालवत असलेल्या घरात आपलाही शब्द चालावा, ही तिची धडपड असते.

हा विनोद पेलण्यासाठी ल्युसिल बॉल यांनी मेहनत घेतली. सुरुवातीला त्या हातातल्या संहितेला चिकटून बोलत. ओपनहायमर यांनी त्यांना विनोदवीर जॅक बेनी यांच्या कार्यक्रमाची तिकिटे देऊन प्रेक्षकांशी खेळणे शिकायला धाडले. त्यानंतर स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर त्या अंगविक्षेप करून बोलू लागल्या आणि हशा वाढला. मालिकेत होणाऱ्या जेल-ओ या जेलीच्या जाहिरातीत त्यांनी जाळे विणणाऱ्या कोळ्याला घाबरलेल्या मुलीचा आवाज आणि चेहरा केला होता. पुढे त्या मुद्रेसाठी संहितेत नुसते ‘कोळी’ एवढे लिहिले तरी पुरे.

मार्च १९५१मध्ये मालिका संपली. सीबीएसला ती दूरचित्रवाणीवर हवी होती. पडद्यावरचा नवरा आपलाच नवरा देसी अर्नाझ असावा, हा आग्रह ल्युसिल यांनी सोडला नाही. १५ ऑक्टोबर १९५१ला ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली. लेखक तेच होते आणि रेडिओच्या अनेक संहिता त्यांनी नव्याने वापरल्या. लिझची ल्युसी झाली. न जुळणारा हिशेबही तिच्याबरोबर नव्या घरी गेला.