गायरान नकाशावर, पाणी स्मरणात

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुका सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांना भिडलेला आहे. मादन हिप्परगा हे याच तालुक्यातील गाव. येथील सरासरी पाऊस सातशे ते आठशे मिलिमीटर. गोव्यात त्याच्या सुमारे चौपट पडतो. अशा प्रदेशात पशुपालन टिकते ते गायरान आणि पाणवठा या दोहोंवर.

कर्नाटकच्या १९६६च्या महसूल नियमांतील ९७व्या नियमानुसार दर शंभर गुरांमागे १२ हेक्टर गायरान राखून ठेवावयाचे असते. तेथील सरकारी भाषेत त्यास ‘गोमाळ’ म्हणतात. त्याची नोंद पहाणीपत्रकात असते आणि ‘दिशांक’ या सरकारी अ‍ॅपमध्ये उपग्रह चित्रावर सर्व्हे क्रमांकही दिसतो. परंतु एवढ्याने नकाशा पूर्ण होत नाही.

पावसाळ्यातील उपग्रह चित्रात भरलेले तळे मे महिन्यात कोरडे असू शकते. बेसाल्ट खडकातील पाणी भेगांमध्ये व झिजलेल्या थरात साठते; त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींतही महदंतर पडते. भूमिगत पाणी तर चित्रात येतच नाही. बिदरजवळच्या नौबाद येथील बहमनीकालीन करेजचा माग जमिनीवरील उभ्या कूपांच्या ओळीवरून घ्यावा लागतो.

म्हणूनच प्रत्येक पाणवठ्याची नोंद शिवारात फिरूनच करावी लागते. तो कोणत्या महिन्यात आटतो, खाजगी आहे की सार्वजनिक, गायरानातून तेथे जाणारी वाट कोणाच्या शेतातून जाते, हे गुराख्यांना ठाऊक असते. उदाहरणार्थ, ३०० गुरांच्या गावाला नियमाप्रमाणे ३६ हेक्टर गायरान हवे. परंतु मोठ्या जनावराला उन्हाळ्यात रोज सुमारे ५० लिटर पाणी धरले, तर १५ हजार लिटरांची सोयही हवी.

वाट बुजली की गुरे गायरानात जाईनाशी होतात. मग ती जमीन ‘पडीक’ ठरते आणि अतिक्रमणास निमित्त मिळते. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिले. मात्र हटविण्याआधी हद्द सिद्ध करावी लागते. ग्रामसभेत वाचून दाखविलेला, वाट व पाणवठ्यांसह काढलेला नकाशा तेथे उपयोगी पडतो. जाणत्या गुराख्यांची पिढी सरण्यापूर्वी तो कागदावर उतरणे आवश्यक आहे.