पेन्सिलीवरची दोन अक्षरं

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की माजिवड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत वेगळीच मागणी सुरू होते. एरवी ‘पेन्सिलचं एक पाकीट द्या’ एवढंच म्हणणारे पालक चित्रकलेच्या सरांनी लिहून दिलेली यादी काढतात: एचबी, २बी, ४बी, ६बी आणि भूमितीसाठी एक २एच. मग हमखास विचारतात, ‘यातली चांगली कुठली?’

याला उत्तर नाही, कारण या अक्षरांचा दर्जाशी संबंधच नाही. आतल्या शिशात काय किती मिसळलंय, एवढंच ती सांगतात.

शिसं म्हणजे ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती. दोन्ही पाण्यात घालून खूप वेळ घोटतात, शेवया पाडाव्यात तशा साच्यातून त्याच्या लांब काड्या काढतात, वाळवतात आणि भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजतात. शेवटी काड्या मेणात मुरवतात, म्हणजे टोक कागदावर सुळकन चालतं. माती जास्त असेल तर शिसं कडक होतं आणि रेघ फिकी उमटते. ग्राफाइट जास्त असेल तर शिसं मऊ आणि रेघ काळीभोर.

ही युक्ती लढाईमुळे सुचली. उत्तम ग्राफाइट इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतून यायचं, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध पेटल्यावर ते फ्रेंचांना मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते याने हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड मातीत मळून भाजली आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टंचाईवरचा उपाय म्हणून निघालेल्या या पद्धतीचा खरा फायदा वेगळाच निघाला: माती कमी-जास्त करून हवा तेवढा कडकपणा आणता येऊ लागला.

एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी, एचबी मधली. एच आणि एचबी यांच्यामध्ये एफ नावाची एक असते. ती आपल्याकडे कुणी मागत नाही, म्हणून दुकानदारही ठेवत नाही. आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो: ६एच काट्यासारखी टोचते, ६बी काजळासारखी पसरते. अमेरिकेतला भाचा ‘नंबर २’ म्हणतो ती आपली एचबीच. तिकडच्या पेन्सिली पिवळ्या का, याचा धागा इकडे येतो. हार्डटमुथ कंपनीने १८९० च्या सुमारास एक महागडी पेन्सिल काढली, तिला कोहिनूरचं नाव दिलं आणि पिवळा रंग लावला. सतरा प्रकारच्या कडकपणात ती मिळायची. ती इतकी गाजली की बाकीच्यांनी नुसता रंग उचलला.

एका कंपनीची एचबी दुसरीच्या एचबीएवढीच काळी असेल, याची मात्र खात्री नाही. प्रत्येकाचं मिश्रण आपापलं. म्हणून एक चित्र शक्यतो एकाच कंपनीच्या पेन्सिलींनी करावं. आणि वेष्टनावरचं ‘एक्स्ट्रा डार्क’ ही जाहिरातीची भाषा झाली. ग्रेड छापली असेल तर ती पाहावी.

मराठी घरातला कंपासपेटीचा इतिहास मुंबईच्या दांडेकर बंधूंशी जोडलेला आहे. १९३१ मध्ये त्यांनी शाईपासून सुरुवात केली आणि त्यातून कॅम्लिन उभी राहिली. नटराज आणि अप्सरावाली हिंदुस्तान पेन्सिल्सही मुंबईचीच, १९५८ सालची. लाकूड मात्र लांबून येतं: काश्मीरमध्ये पुलवाम्याच्या उखू गावात पॉप्लरच्या पट्ट्या कापल्या जातात. अशा पट्टीत खाचा पाडून काड्या बसवतात आणि वर दुसरी पट्टी चिकटवतात.

आकाराचं म्हणाल, तर नेहमीच्या पेन्सिलीत शिसं साधारण दोन मिलिमीटर जाड असतं. मऊ शिसं पटकन मोडतं, म्हणून ६बीसारख्यांत ते बरेचदा जाडच ठेवतात. ०.५ आणि ०.७ च्या पेनपेन्सिलीत एवढ्या बारीक काडीला माती पुरत नाही. तिथे ग्राफाइट पॉलिमरमध्ये बांधलेलं असतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांत फर्निचरचं काम करणाऱ्या सुताराच्या कानामागची पेन्सिल याच्या उलट: चपटी, म्हणजे फळीवरून घरंगळत नाही, आणि शिसंही रुंद, खरबरीत प्लायवर न मोडणारं.

रंगांच्या प्रयोगशाळेत तर पेन्सिल हेच मोजमाप आहे. शिशाचं टोक सपाट घासायचं, पेन्सिल ४५ अंशांत धरून ठरावीक भाराखाली रंगवलेल्या पत्र्यावर ढकलायची. जी सर्वांत कडक पेन्सिल ओरखडा काढत नाही, तीच त्या थराची कठीणता. ‘२एचचा कोट’ म्हणतात तो असा.

परीक्षार्थीला एवढ्या खोलात जायला नको. स्मरणचित्राच्या कच्च्या रेघांना एचबी, छटांना २बी आणि ६बी, भूमितीला २एच. २एच दाबून चालवू नका. पावसाळी हवेत दमट झालेल्या कागदावर तिची खाच पडते आणि रबराने रेघ गेली तरी खाच जात नाही. ६बीला शार्पनरपेक्षा ब्लेडने लांब टोक काढलेलं बरं, पण ते काम मोठ्यांनी करावं. आणि पेन्सिल खाली पडू देऊ नका. वरून धड दिसते, आत शिसं तुकडे तुकडे झालेलं असतं. मग दर वेळी टोक काढताना ते गळून पडतं आणि आपण शार्पनरला बोल लावतो.