उपग्रहाच्या पोटातला टेप रेकॉर्डर

जुनी दोन रुपयांची नोट घरात जपून ठेवली असेल तर उलटी करून बघा. मागे दिसतो तो आर्यभट्ट, भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या आत टेप रेकॉर्डर होता असं सांगितलं की वर्गात हशा पिकतो. मुलांना वाटतं, तिकडे गाणी कोण ऐकणार?

19 एप्रिल 1975 ला सोव्हिएत रॉकेटने 360 किलोचा आर्यभट्ट वर नेला. उंची साधारण 600 किलोमीटर, पृथ्वीची एक फेरी सुमारे 96 मिनिटांत. पण जमिनीवरच्या एका केंद्राला तो एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं दिसतो. उरलेला वेळ यंत्रं मोजत राहतात आणि ऐकणारं कुणीच नसतं. तेवढा वेळ माहिती कुठेतरी धरून ठेवावी लागते. उर्दूत आपण ज्याला हाफिजा म्हणतो, तोच उपग्रहाला हवा असतो.

कॅसेट पळवली की कव्वाली चिवचिव ऐकू येते, हे आपल्या पिढीला माहीत आहे. युक्ती तीच. फितीवर हळू नोंदवायचं आणि केंद्र दिसलं की भरभर वाजवायचं. समजा, 40 मिनिटांची नोंद दहापट वेगाने सोडली, तर चार मिनिटांत काम होतं. आकड्यांना चिवचिवीचं काय!

या फितीने एकदा मोठा शोध लावून दिला. जानेवारी 1958 मधल्या अमेरिकेच्या एक्सप्लोरर-1 वर रेकॉर्डर नव्हता. तुकड्या-तुकड्याने आकडे यायचे, मध्येच किरणांची मोजणी शून्य व्हायची, अर्थ लागेना. मार्चमध्ये एक्सप्लोरर-3 गेला. जॉर्ज लडविग यांनी बनवलेला चिमुकला रेकॉर्डर त्यात होता. अख्ख्या फेरीची नोंद तो पाचेक सेकंदांत खाली सोडायचा. सलग आलेख पाहिला तेव्हा कळलं की शून्य म्हणजे किरण नाहीत असं नव्हे. किरण इतके जास्त होते की मोजणारं यंत्रच गुदमरत होतं. पृथ्वीभोवतीचे व्हॅन ॲलन पट्टे असे सापडले.

आर्यभट्टावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंही एक उपकरण होतं. पण पाचेक दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग बंद पडले. फीत असून उपयोग काय, नोंदवायलाच काही उरलं नाही. उपग्रहाची मुख्य यंत्रणा मात्र मार्च 1981 पर्यंत चालली. ते शिक्षण पुढे कामी आलं.

1988 च्या आयआरएस-1ए वर रेकॉर्डर नव्हता. चित्र घेतलं की लगेच हैदराबादजवळच्या शादनगर केंद्राकडे पाठवायचं. आपला धाराशिव जिल्हा तिथून फार लांब नाही, त्यामुळे इथली शेतं टिपताना केंद्र उपग्रहाच्या नजरेतच असायचं. केंद्राच्या टप्प्याबाहेरचे देश टिपायचे तर मात्र साठवण लागते. म्हणून डिसेंबर 1995 मध्ये गेलेल्या आयआरएस-1सी वर पुन्हा टेप रेकॉर्डर बसवला.