गटाचा पैसा गटाच्याच नावावर हवा

भगिनींनो, काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत घडलेली गोष्ट सांगतो. १४ बायकांनी दरमहा १०० रुपये जमवायला सुरुवात केली. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी भाजी विकणारी. अडीच वर्षांत ४२ हजार रुपये साठले. बँकेत कोण हेलपाटे घालणार, म्हणून रक्कम खजिनदारबाईंच्या स्वतःच्या खात्यात ठेवली. बाई सचोटीच्या होत्या. त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

एके दिवशी बाई हृदयविकाराने अचानक गेल्या. खात्यावर वारस म्हणून मुलाचे नाव होते. बँकेने नियमाप्रमाणे पैसे त्याला दिले. जून महिना तोंडावर आलेला, पोरांच्या वह्यापुस्तकांसाठी बायकांना पैसे हवे होते. पण पासबुकावर त्यांचे नाव कुठे होते? मुलगा भला, म्हणून हप्त्याहप्त्याने वर्षभरात रक्कम परत आली. मात्र तोपर्यंत तिघी गट सोडून गेल्या होत्या.

यात दोष कोणाचा? बाईंचा नाही, बँकेचाही नाही. दोष खाते चुकीच्या नावावर असण्याचा. दोघी-तिघींच्या नावे संयुक्त खाते काढले, तरी कायद्याने तो पैसा त्यांचाच दिसतो. म्हणून खाते गटाच्याच नावाने काढावे.

त्यासाठी गट नोंदणीकृत असलाच पाहिजे असे नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. तेव्हापासून १० ते २० जणींच्या साध्या गटालाही बचत खाते मिळू लागले. सभा घेऊन ठराव लिहा, त्यावर सर्वांच्या सह्या वा अंगठे घ्या. अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांची ओळखीची कागदपत्रे आणि फोटो न्या. बचत खाते उघडताना सर्व सभासदांची कागदपत्रे लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. कोणी अडवले तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगा.

आता बँक कोणती निवडावी? व्याजदराच्या मागे लागू नका. ४२ हजारांवर अर्धा टक्का जास्त व्याज मिळाले, तर वर्षाला २१० रुपये, म्हणजे प्रत्येकीला १५ रुपये! शाखा दूर असेल तर तेवढे रिक्षालाच जातील. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. किमान शिल्लक किती ठेवावी लागते? वर्षाला आकार किती कापतात? ठेवीला विमा आहे का? २०२० पासून बँकेतील ठेवीला, मुद्दल व व्याज धरून, एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे वाचूनच आत पाऊल टाका.

व्यवहार तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने होईल, असे अर्जात लिहा. कोऱ्या स्लिपवर आगाऊ सही करून ठेवू नका. एटीएम कार्ड एकीच्या पर्समध्ये गेले की दोन सह्यांना अर्थ उरत नाही, तेव्हा ते घेऊच नये. पदाधिकारी बदलले की नवा ठराव त्याच आठवड्यात बँकेत द्या.

आणि दर महिन्याच्या सभेत पासबुक मोठ्याने वाचा. ज्या भगिनीला अक्षरओळख नाही, तिलाही शिल्लक किती हे तोंडपाठ असले पाहिजे. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. उलट हिशेब उघडा असला की खजिनदाराची अब्रू राखली जाते.

आमच्या वस्तीतल्या उरलेल्या जणींनी पुढे गटाच्या नावाने खाते काढले. पासबुक हाती आले त्या दिवशी एक आजी त्यावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “हे आमचं.” आपल्या गटाचे पासबुक आजच काढून पाहा. त्यावर नाव कोणाचे आहे?