सार्वजनिक शिल्प आणि नगराची संमति

घरांतील एखादें चित्र आवडेनासें झालें, तर तें भिंतीवरून उतरवून ठेवतां येतें. परंतु चौकांत उभारलेलें शिल्प ज्यास आवडतें त्यास, आणि ज्याच्या डोळ्यांस खुपतें त्यासही, नित्य पाहावें लागतें. शिवाय त्यासाठीं खर्च झालेला पैसा पुष्कळदां करदात्यांचा असतो. तेव्हां अशी कलाकृति कोणाच्या द्रव्यानें, कोणाच्या निवडीनें व कोणाच्या अनुमतीनें उभी राहते, हें समजून घेणें आमच्या विद्यार्थी-वाचकांस उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें.

जुनी रीत दात्याची होती. मुंबईंतील ‘काळा घोडा’ हें तिचें परिचित उदाहरण होय. सातवा एडवर्ड युवराज असतांना हिंदुस्थानांत आला होता. त्या भेटीचें स्मारक म्हणून आल्बर्ट ससून ह्यांनीं त्याचा अश्वारूढ पुतळा करवून १८७९ सालीं नगरास अर्पण केला. दात्यानें पैसा द्यावा, विषयही त्यानेंच ठरवावा, आणि नगरानें आभार मानून जागा द्यावी, असा हा प्रकार. १९६५ सालीं तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत नेण्यांत आला. चौकाचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं तसेंच राहिलें. २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविण्यांत आला, त्यावर स्वार कोणीच नाहीं!

ह्याहून निराळी रीत अमेरिकेंतील कांहीं नगरांनीं घालून दिली. फिलाडेल्फिया नगरानें १९५९ सालीं असा नियम केला कीं, सार्वजनिक बांधकामाच्या खर्चाचा शेंकडा एकपर्यंतचा भाग कलेसाठीं राखून ठेवावा. न्यूयॉर्क नगरानें असाच कायदा १९८२ सालीं केला. हिशेब सोपा आहे. एखाद्या इमारतीस एक कोटी लागणार असतील, तर त्यांतील एक लाख कलाकृतीसाठीं निघतात. फार मोठ्या कामांवर ह्या रकमेस मर्यादाही असते. ह्या योजनेचें मर्म असें कीं, कलेस उरल्यासुरल्या पैशावर अवलंबून राहावें लागत नाहीं. विटा, चुना व लोखंड ह्यांच्या बरोबरीनें अंदाजपत्रकांत तिचीही ओळ पडते.

पैशाचा प्रश्न सुटला, तरी निवडीचा उरतोच. न्यूयॉर्कमध्यें प्रत्येक कामापुरती एक निवडसमिति नेमतात. इमारत वापरणारें खातें, तिचा आराखडा करविणारें खातें व सांस्कृतिक खातें ह्यांचे प्रतिनिधि तींत असतात, आणि त्यांच्या जोडीस कलेचे जाणकार घेतात. वस्तीच्या मंडळाचें व लोकप्रतिनिधींचें म्हणणें ऐकून घेतात, पण त्यांस मत नसतें. समिति अनेक कलावंतांचीं पूर्वींचीं कामें पाहते, मोजक्यांस पुढें बोलावते व शेवटीं एकाची शिफारस करते. मग त्याचा नमुना नगराच्या कलामंडळापुढें जातो. १८९८ सालच्या सनदेनें स्थापन झालेल्या ह्या मंडळाचे ११ सभासद वेतन घेत नाहींत. चित्रकार, मूर्तिकार, वास्तुकार व उद्यानरचनाकार असे चौघे, तिघे सामान्य नागरिक, दोन संग्रहालयांचे व सार्वजनिक ग्रंथालयाचे मिळून तीन प्रतिनिधि, आणि एक नगराध्यक्ष अथवा त्याचा प्रतिनिधि, अशी त्याची घडण आहे. नगराच्या जागेवर कायमचें शिल्प उभारावयाचें, तर ह्या मंडळाची संमति लागतेच.

इतक्या चाळण्या लावल्यावर वाद उरणार नाहीं, असें वाटेल. पण तसें घडत नाहीं. दक्षिण ब्रॉंक्स भागांतील एका पोलिस-ठाण्यापुढील जागेसाठीं १९८६ सालीं जॉन अहर्न ह्या मूर्तिकाराची निवड झाली. तो त्याच भागांत राहून आपल्या शेजाऱ्यांच्या प्रतिमा घडवीत असे. त्यानें वस्तींतील खऱ्याखुऱ्या माणसांवरून कांशाचीं तीन शिल्पें केलीं: कुत्र्यासह बसलेला एक तरुण, चाकांचे बूट घातलेली एक मुलगी, आणि चेंडू व मोठा रेडिओ जवळ असलेला एक युवक. सप्टेंबर १९९१ मध्यें तीं बसविलीं, आणि लागलीच कित्येक रहिवासी संतापले. पोलिसांच्या दारापुढें आमच्या लोकांची हीच प्रतिमा कां, असा त्यांचा प्रश्न होता. मूर्तिकार गौरवर्णीय आहे, हेंही कोणास खटकलें. ज्यांच्या त्या प्रतिमा तेही वस्तींतलेच होते. म्हणजे लोकमत एकमुखी नव्हतें. तथापि अहर्न ह्यानें पांच दिवसांतच तीं शिल्पें आपण होऊन काढून नेलीं.

मग तक्रार येतांच शिल्प हलवावें काय? शिकागो नगराचा अनुभव उलट आहे. १९६७ सालीं तेथील मुख्य चौकांत पाब्लो पिकासो ह्यांच्या नमुन्यावरून केलेलें सुमारें ५० फूट उंचीचें पोलादी शिल्प उभें राहिलें. खर्च धर्मादाय निधींनीं सोसला व पिकासो ह्यांनीं मोबदला न घेतां आपली कृति नगरास भेट दिली. हें स्त्रीमुख कीं पक्षी, अशी थट्टा झाली. नगरसभेच्या एका सभासदानें तर त्या जागीं एका क्रीडापटूचा पुतळा बसवावा, असें सुचविलें. शिल्प हललें नाहीं, आणि आज तें त्या नगराचें भूषण मानलें जातें.

दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहतां आम्हांस भेद दिसतो तो असा: शिकागोस नवेपणा खुपला, आणि नवेपणा काळानें अंगवळणीं पडतो. ब्रॉंक्समध्यें प्रश्न लोकांच्या स्वतःच्या प्रतिमेचा होता. तेथें जो अपमान वाटला, तो केवळ काळ लोटल्यानें शमला असता असें नाहीं. म्हणून शिल्प ज्यांच्या जीवनाविषयीं बोलतें, त्यांचें म्हणणें धातु ओतण्यापूर्वीं, माती ओली असतांनाच ऐकावें. आणि जेथें केवळ अपरिचितपणाची अढी असेल, तेथें नगरानें धीर धरावा. शेंकडा एक हें प्रमाण कायद्यानें एकदां ठरवितां येतें. लोकांची संमति मात्र प्रत्येक जागीं नव्यानें मिळवावी लागते. आमचे विद्यार्थी उद्यां नागरिक म्हणून अशा सभांत बसतील, तेव्हां शिल्प सुंदर आहे कीं नाहीं एवढेंच न विचारतां, येथील लोकांस कोणीं व केव्हां विचारलें, हेंही त्यांनीं अवश्य विचारावें.