अभ्यंगस्नानाची पहाट आणि 'सावधान' हा शब्द

जालना जिल्ह्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. विवाहवेदीवर अंतरपाटापलीकडून 'सावधान' हा शब्द कानी पडताच बालक नारायणाने मंडप सोडला, ही आख्यायिका या परिसरातील लहानथोरांना मुखोद्गत आहे. गेली चाळीस वर्षे हे आख्यान मी कीर्तनातून सांगत आलो. 'अवधानासह असणे ते सावधान' अशी व्युत्पत्तीही श्रोत्यांना मोठ्या हौसेने उलगडून दाखवीत आलो. परंतु वाचकहो, या शब्दाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो माझ्याच घरच्या न्हाणीच्या उंबऱ्यावर, एका नरकचतुर्दशीच्या पहाटे.

आमचे घर माळवदाचे, जुने. पूर्वी दिवाळीच्या पहाटे अंगणात तांब्याचा बंब पेटत असे. पुढे बंबाची जागा बादलीत सोडावयाच्या विजेच्या रॉडने घेतली. त्या पहाटे उटण्याचा सुगंध घरभर दरवळत होता, ओसरीवर पणत्या तेवत होत्या. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी माझ्या सात वर्षांच्या नातवाने बादलीत बोटे बुडविली. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले ते लेकरू किंचाळले आणि भिंतीवर फेकले गेले. त्याच्याकडे झेपावणाऱ्या सौभाग्यवतीस सुनेने हाताने मागे सारले आणि धावत जाऊन मुख्य बटण बंद केले. परमेश्वरी कृपेने मूल वाचले, पण त्या दिवशी आमच्या घरात फराळाच्या ताटाला कोणी हात लावला नाही.

भाऊबीज आटोपल्यावर मी गावातील एका तरुण तारतंत्र्यास बोलावले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिकलेला, परवानाधारक मुलगा. त्याने घरभर फिरून सर्व पाहिले. रॉडच्या पिनेचा तिसरा पाय मोडलेला होता. भिंतीतील खोबणीच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच नव्हती. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये नाजूक तारेऐवजी तांब्याचा जाड पीळ बसविलेला होता. "महाराज, ही तार कोणी घातली?" त्याने अदबीने विचारले. मी खाली मान घातली. ती मीच घातली होती. उन्हाळ्यात कूलर आणि पाण्याची मोटार एकाच वेळी चालू केली की फ्यूज वारंवार जाई, म्हणून कंटाळून केलेला तो उद्योग. इतकेच नव्हे, तर काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारागिराने अर्थिंग करून घ्यावयास सांगितले असता, 'जमिनीत पैसे कशाला पुरायचे?' असे म्हणून मीच त्याला वाटेस लावले होते. त्याच वर्षी सप्ताहाच्या मंडपातील रोषणाईसाठी मात्र मी आनंदाने वर्गणी दिली होती!

त्या मुलाने मला जे समजावून सांगितले, ते प्रत्येक गृहस्थाने ध्यानी घेण्याजोगे आहे. आपल्या घरी येणारी वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाची असते. शंभर वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यातून सुमारे ४३० मिलीअँपियर प्रवाह वाहतो. मनुष्यदेहातून दहा-पंधरा मिलीअँपियर वाहिला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलीअँपियर प्रवाह क्षणभर टिकला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे एक दिवा उजळण्यास जेवढी वीज लागते, तिचा चौथा हिस्सादेखील प्राण घेण्यास पुरेसा होतो. आता विचार करावा की पाच अँपियरचा फ्यूज वितळण्यास पाच हजार मिलीअँपियरहून अधिक प्रवाह लागतो. मनुष्य तडफडत असतानाही तो फ्यूज शांत राहील. फ्यूज काय किंवा त्याच्या जागी आलेली एम.सी.बी. काय, ही साधने तारांना जळण्यापासून वाचविण्यासाठी आहेत. मनुष्याच्या रक्षणाचे काम त्यांच्याकडे सोपविलेलेच नाही, हे आम्हा बहुतेकांस ठाऊक नसते.

ते काम करणारे उपकरण वेगळे आहे. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात, बाजारात पुष्कळजण अद्याप ई.एल.सी.बी. हेच जुने नाव घेतात. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा ताळेबंद ते अखंड मांडीत असते. दोहोंमध्ये ३० मिलीअँपियरची तफावत पडली, म्हणजेच वीज कोणाच्या देहातून वा ओल्या भिंतीतून जमिनीत पळू लागली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ते पुरवठा तोडते. अर्थात एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास तेही वाचवू शकत नाही. तथापि घरगुती अपघातांत बहुधा वीज देहातून जमिनीकडेच जाते, आणि तेथे हे उपकरण प्राणदाते ठरते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला मनुष्यदेहापेक्षा सोपी वाट मिळावी म्हणून ही तिसरी तार. तिचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या नळीला वा पत्र्याला जोडलेले असते आणि भोवती कोळसा व मीठ घालण्याची रीत आहे. आपल्याकडील काळी जमीन वैशाखात भेगाळते, कोरडी ठाक पडते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. ज्या ऋतूत लोखंडी पत्र्याचे कूलर घरोघर चालू असतात, नेमक्या त्याच ऋतूत हा खड्डा तहानलेला असतो. नळाला पाणी आल्यावर ओल्या अंगणात घाईघाईने मोटार लावणाऱ्या माताभगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट तारांची. माझ्या वडिलांनी लाकडी पट्ट्यांवर तारा ठोकून घेतल्या, तेव्हा घरात चार दिवे व एक पंखा होता. त्याच तारांवर आम्ही शीतकपाट, मिक्सर, मोटार व रॉड लादीत गेलो. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपियर प्रवाह ओढतो. तो दिव्यांसाठी असलेल्या सहा अँपियरच्या खोबणीत लावणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला रेल्वेचा डबा जुंपणे होय. दिव्यांसाठी दीड, मोठ्या खोबणीसाठी अडीच व गीझरसाठी चार चौरस मिलिमीटरची, आय.एस.आय. चिन्हांकित तांब्याची तार वापरावी, असे सामान्यतः मानले जाते.

आता कारागीर निवडावा कसा? दिवा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडल्यास, घरातील वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत व सक्षम कारागिराच्या हातूनच व्हावे, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि आजच्या केंद्रीय विनियमांतही तो कायम आहे. मीटरच्या पुढील वायरिंगची जबाबदारी महावितरणची नसून आपली असते. म्हणून येणाऱ्यास परवाना दाखविण्याची विनंती करण्यात संकोच मानू नये. खरा कारागीर त्याने दुखावत नाही. कोणती तार, कोणते उपकरण व किती मजुरी, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. काम संपल्यावर त्याने ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगची तपासणी करावी. तारांच्या आवरणाचा रोध किमान एक मेगओहम भरला पाहिजे. अर्थिंगही मोजून दाखविण्यास सांगावे. आणि मजुरीसाठी घासाघीस करू नये. जो कारागीर 'साहेब, स्वस्तात करून देतो' म्हणून तिसरी तार गाळतो, त्याच्याकडून आपण स्वस्ताई विकत घेत नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार आपल्या देशात अलीकडे दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात. म्हणून या दीपावलीत काही नेम पाळावेत. रॉड प्रथम बंद करून, पिन उपसून, मगच पाण्यास हात लावावा. भिंती व फरशी धुण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या खांबास अथवा लोखंडी नळास बांधू नये. आकाशकंदिलाची तार सोललेली वा गाठी मारून जोडलेली असू नये. आणि कोणास धक्का बसलाच, तर त्यास स्पर्श न करता आधी वीज तोडावी. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे सुरू करून १०८ क्रमांकास कळवावे.

आमच्या घरी आता नवी वायरिंग आहे, अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे आणि भिंतीवर ते आर.सी.सी.बी. आहे. त्यावर तपासणीचे एक लहानसे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावयाचे असते. ते काम नातवाने आपल्याकडे घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो स्टुलावर चढतो, बटण दाबतो, 'खट्' असा आवाज होऊन घरातील दिवे जातात आणि तो ओरडतो, "आजोबा, चालू आहे!" त्या क्षणभराच्या अंधारात मला मंडपातील तो प्राचीन शब्द ऐकू येतो. यंदाही नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी, पहिली पणती लावण्यापूर्वी, तो ते बटण दाबणार आहे.